हे कोणी बनवलं?

वनिता,

घरी लोक येतात, बसतात आणि तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. इतकं चांगलं की ऐकून तू स्वतःला ओळखलं नसतंस. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई म्हणाल्या, "कधी आवाज चढवून बोलली नाई बिचारी." मी मान हलवली. दोन क्वार्टरमधली भिंत इतकी जाड आहे, हे मला आजवर माहीत नव्हतं.

मला मात्र तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं. नागपूरच्या त्या वॉर्डात तू ते परत काढलंस, मी तोंड उघडणार तोवर सिस्टर इंजेक्शन घेऊन आली, मग भेटायची वेळ संपली, आणि मग तुला बोलण्याइतका दमच उरला नाही. शेवटचा शब्द तुझा राहिला. तसा तो नेहमीच तुझा असायचा, पण एरवी मला दुसऱ्या दिवशी उत्तर देता यायचं.

आता पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या बाजूनं तू ते कधी ऐकून घेतलं नाहीस.

लग्न होऊन तू राजुऱ्याहून ऊर्जानगरला आलीस, तेव्हा तुझ्या पेटीत साड्यांच्या खाली सोल्डरिंग आयर्न निघालं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला होता, नोकरी नव्हती. चंद्रपुरात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात तू कॉम्प्युटरवर बसायला लागलीस. बाकी सगळे त्या कॉम्प्युटरवर गणपती आणि कलश काढायचे. तू काम संपलं की त्याच सॉफ्टवेअरमध्ये सर्किटच्या रेघा ओढायचीस.

पद्धत तुला कोणी शिकवली नव्हती. कुठल्याशा जुन्या अंकात अर्धा परिच्छेद वाचला होतास, बस. लेझर प्रिंटरची शाई म्हणजे प्लास्टिकची भुकटी. गरम झाली की वितळते आणि चिकटते. कागदाला चिकटते तर तांब्याला का नाही, एवढाच तुझा प्रश्न. मासिकाच्या गुळगुळीत पानावर तू सर्किट छापून आणायचीस. तांबं चढवलेली पाटी तारेच्या घासणीनं लख्ख करून त्यावर ते पान उपडं ठेवायचीस आणि वरून इस्त्री दाबायचीस. मग पाटी पाण्याच्या टबात. कागदाचा लगदा झाला की अंगठ्यानं चोळून काढायचा, काळ्या रेघा तांब्यावर राहायच्या. मग ती फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यात हलवत बसायचं. उघडं तांबं ते पाणी खाऊन टाकायचं, रेघांच्या खालचं तेवढं वाचायचं. आपल्या बाल्कनीतली फरशी त्या पाण्यानं कायमची पिवळी पडली. माझ्या ड्युटीच्या शर्टावर एकदा नटीचं अर्धं तोंड उमटलं, ते इस्त्रीला चिकटलेल्या पानावरून. तू माफी मागितली नाहीस. म्हणालीस, "तापमान बराबर लागलं म्हनजे, पाहा ना कसं उमटलं."

मी वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटच्या कामावर. दिवसभर कंपनीच्या, तपासून शिक्का मारलेल्या पाट्या हाताळायच्या आणि घरी येऊन बाल्कनीत हे पाहायचं. तुझ्या पाट्यांवर रेडिओ लागला, पंपाचा मोटर स्टार्टर चालला, कॉलनीतल्या गणपतीचे दिवे पळाले. तोवर मला काही बोलायचं नव्हतं.

मग शालूचा फोन आला.

शालू तुझी राजुऱ्याची बालमैत्रीण, आलापल्लीच्या पुढे जंगलातल्या एका छोट्या दवाखान्यात नर्स. पौषातली थंडी होती. फोन तू घेतलास, पण तिचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"वनू, वॉर्मर बंद पडला वं. लाइटीचा झटका आला अन् आतली पाटी जळाली. लेकरू झालं सकाळी, हातात मावते एवढं. माय अजून रक्त जाऊन पडून आहे. आजीनं छातीशी धरलं आहे, बाजूले बल्ब लावला आहे. अंग गारच पडून राह्यलं त्याचं."

"इकडे आना ना चंद्रपूरले."

"डॉक्टर म्हनते, जीपमधी एवढ्या थंडीत पोचनार नाई ते."

नवजात बाळांना ऊब देणारा तो वॉर्मर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणत होता, पाटी बाहेरून मागवावी लागेल, वेळ लागेल. तू विचारलंस, "वरची कांडी चांगली आहे का? तापते का?" कांडी चांगली होती. जळाली होती ती फक्त कांडीला सांभाळणारी पाटी. बाळाच्या पोटाला सेन्सर चिकटवायचा, बाळ गार पडलं की कांडी लागली पाहिजे, पुरेशी ऊब झाली की बंद झाली पाहिजे. एवढंच काम. ते यंत्र तू आधी एकदा शालूकडे गेली असताना उघडून पाहिलं होतंस.

फोन ठेवून तू माझ्याकडे वळलीस. मी तू बोलायच्या आधीच म्हणालो, "नाही."

"मी अजून काही म्हनलं का?"

"वनिता, हा पंप नाही. लेकरू आहे."

"म्हनूनच तं."

"कांडी लागली आणि बंदच नाही झाली तर? भाजून निघेल ते."

"अन् कांडीच नाई लागली तं? तेही सांगा ना."

मी एक अट घातली. दुसरी पाटी कर, पहिलीशी काही संबंध नसलेली, तिचा सेन्सर वेगळा, तिची बॅटरी वेगळी. ऊब प्रमाणाबाहेर गेली की नुसता बजर वाजला पाहिजे. पहिली पाटी चुकली तरी निदान कोणाला तरी कळेल. तू चिडलीस. एक पाटीच वेळेवर होईल की नाही याचा भरवसा नव्हता. पण तू दुकानात गेलीस आणि दोन्ही छापून आणल्यास.

त्या दिवशी काहीच सरळ झालं नाही. पहिल्या पाटीवर घाईत छाप उलटा आला, आरशात दिसावा तसा. दुसऱ्या वेळी कागद चोळताना तुझा अंगठा सरकला आणि मधल्या रेघाच निघून आल्या. तू रडली नाहीस, शिवी दिलीस. मी इस्त्री धरली, तू घड्याळ न पाहता अंदाजानं "बस" म्हणालीस. या वेळी रेघा बसल्या. दोनच ठिकाणी तुटल्या होत्या, त्या तू नेलपॉलिशनं जोडल्यास. तपकिरी पाणी थंडीमुळे तांबं खाईना, म्हणून तू टब गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवलास आणि हातमोजा फाटलेला असूनही पाटी हातानंच हलवत बसलीस.

सकाळची आलापल्लीची बस आपण पकडली. पाट्या टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या बॅगेत. तू खिडकीशी. आष्टीचा पूल ओलांडला, जंगल दाट झालं, आणि पुढे पोलिसांच्या नाक्यावर बस थांबली.

ते दिवस कसे होते, तुला सांगायला नको. त्या आठवड्यात रस्त्याखाली पेरलेला सुरुंग सापडला होता म्हणून सगळ्या गाड्या तपासत होते. वाळूच्या पोत्यांमागे बंदुका. सगळ्यांना खाली उतरवलं, सामान रांगेत ठेवायला लावलं. माझी बॅग मी जमिनीवर ठेवली, ती जरा आपटली असेल. बॅटरीची तार आतल्या आत टेकली आणि बजर वाजायला लागला.

टीं टीं टीं टीं.

बाया किंचाळल्या. कोणीतरी आडवं झालं. एका शिपायानं मला मानेला धरून मागे ओढलं. तू ओरडून सांगत होतीस, "दवाखान्याचं आहे! दवाखान्याचं आहे!" आणि तुझं कोणी ऐकत नव्हतं. आवाज थांबेना. मी म्हणालो, मला बंद करू द्या. नाक्यावरचे साहेब म्हणाले, "हलू नका." मोहाच्या झाडाखाली ती बॅग एकटी पडली होती आणि तिच्यातून माझी अट वाजत होती. मग तार सुटली असावी, आपोआप थांबला.

साहेब तरुण होते, पश्चिम महाराष्ट्राकडचे. थोडा वेळ कोणीच पुढे गेलं नाही. मग त्यांनी स्वतः काठीनं टॉवेल उलगडला. हिरवी पाटी, रिले, वायरी, बॅटरी. कंपनीचं नाव नाही, नंबर नाही. नेलपॉलिशचे दोन लाल ठिपके. मी जर त्यांच्या जागी असतो तर मीही बंदूक खाली केली नसती.

"हे कोणी बनवलं?"

"मी," मी म्हणालो.

आणि तू, माझ्या शेजारून, एक क्षणही न थांबता, "नाई साहेब. मी बनवलं."

साहेबांचा चेहरा बदलला. आतापर्यंत त्यांना शंका होती, आता दोन जबान्या होत्या. आपल्याला वेगवेगळं उभं केलं, मला बसपाशी, तुला चौकीच्या भिंतीला. बस सोडून दिली. बस वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी घाबरलो. बस गेली म्हणून नव्हे, त्या बसमधल्या कोणालाही आता आपण कोण आहोत हे सांगता येणार नव्हतं म्हणून. त्यांनी दवाखान्याला फोन लावून पाहिला. लाइन बंद.

मला विचारलं, हा भाग काय करतो, तो भाग काय करतो. मी सांगितलं, बहुतेक बरोबर. मग ते तुझ्याकडे गेले. तुमचं काय बोलणं झालं ते ऐकू येत नव्हतं. मला एवढंच दिसलं की ते म्हणाले, हात दाखवा. तू दोन्ही हात पुढे केलेस. बोटं नखांपर्यंत तपकिरी, अंगठ्याची कातडी सोललेली. त्यांनी वळून माझे हात पाहिले. माझे स्वच्छ होते.

त्या वेळची माझी अवस्था मी तुला कधी सांगितली नाही. गुन्हा कोणाचा हे त्यांना आता कळलं होतं, असंच मला वाटलं.

तू काय केलंस? तू त्यांना म्हणालीस (हे तू नंतर सांगितलंस), "साहेब, तुमच्यासमोर लावून दाखवते. नाई चाललं तं जेलमधी टाका. पन लवकर करा, लेकरू वाट पाहून राह्यलं." चौकीत एक वयस्क हवालदार होते, मडावी. तू त्यांना सेन्सर मुठीत धरायला सांगितलास. ते साहेबांकडे पाहायला लागले. साहेबांनी मान हलवली. तू चौकीचा टेबललॅम्प पाटीला जोडलास. दिवा लागलेला होता. मडावी भाऊंनी मूठ आवळली, सगळे बघत राहिले, आणि दिवा टक करून विझला. मूठ उघडून गार वाऱ्यात धरली, दिवा परत लागला. मडावी भाऊंनी तीन-चारदा करून पाहिलं. मग हसू दाबत म्हणाले, "साहेब, हे तं मायच्या कुशीसारखं आहे."

साहेब हसले नाहीत. पण त्यांनी जीप काढायला सांगितली. मडावी भाऊ बॅग मांडीवर घेऊन आपल्यासोबत, खरं-खोटं पाहायला. "खोटं निघालं तर दोघांनाही परत आणा," एवढंच साहेब म्हणाले.

जीपमध्ये तू माझ्याशी बोलली नाहीस. सागाची रोपं लावलेली ती लांब सरळ सडक संपेस्तोवर नाही.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा आजीच्या छातीला बांधलेलं ते बाळ आधी मला दिसलंच नाही. लुगड्याची घडी वाटली. शालू धावत आली, मागे पोलीस पाहून थबकली. बाळाचा बाप, जंगलातल्या गावचा तरुण माणूस, पोलीस पाहून भिंतीला लागला. मडावी भाऊ त्याच्याशी गोंडीत काहीतरी बोलले, तेव्हा तो परत दारापाशी आला.

डॉक्टरांनी पाटी पाहिली. त्यांनीही तेच विचारलं, "हे कोणी बनवलं?"

तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "यायले विचारा. सगळं यायनंच बनवलं."

काय तो तुझा आवाज होता! मी म्हणालो, "हिनं बनवलं डॉक्टर." डॉक्टर एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे. त्या माणसाला एवढंच कळलं असेल की या नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलं आहे आणि यांच्या हातात तो एक जीव देणार आहे. तरी दिला. त्याच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता.

आधी गरम पाण्याच्या पिशवीवर तपासलं. मग बाळाला, त्या मुलीला, कांडीखाली ठेवलं. सेन्सर पोटावर चिकटपट्टीनं लावला. कांडी लाल झाली, विझली, लाल झाली. शालू थर्मामीटर लावून आकडा सांगायची आणि तू ओठ हलवून तो परत म्हणायचीस. अंग हळूहळू गरम होत होतं. पायांचा निळा रंग जायला लागला. आजी खाली बसली. मी भिंतीवरच्या मेन स्विचवर हात ठेवून उभा होतो. तू ते पाहिलंस आणि तोंड फिरवलंस.

दुपारनंतर बजर वाजला.

कांडी लाल होती आणि विझत नव्हती. मी बटण दाबलं. शालूनं मुलीला उचललं. तू सेन्सर शोधलास, तो पोटावर नव्हता, पट्टीसकट सुटून चादरीच्या गार घडीत गेला होता. पाटीची काही चूक नव्हती. तिला गार लागत होतं म्हणून ती इमानानं तापवत होती. वेळेवर कळलं, मुलीला काही झालं नाही. शालूनं तिचं पोट पुसून कोरडं केलं, नव्या पट्टीनं सेन्सर लावला, आणि त्यानंतर शालूनं त्या पट्टीवरची नजर काढली नाही. मडावी भाऊ केव्हाच निघून जायला मोकळे होते. ते कांडी विझेपर्यंत थांबले आणि मग गेले.

कंपनीची पाटी येईपर्यंत तुझ्या पाटीनं ती मुलगी सांभाळली. आता ती आश्रमशाळेत जाते. परवा शालू आली होती तेव्हा सांगत होती, फार भांडखोर आहे म्हणे.

परतीच्या बसमध्ये तू सुरू झालीस.

"तुमी काऊन म्हनलं, मी बनवलं?"

"तुला उचलून नेलं असतं तर?"

"अन् तुमाले नेलं असतं तं? मी का टाळ्या वाजवल्या असत्या?"

"बजर नसता तर आज काय झालं असतं?"

"बजर नसता तं नाक्यावर अडकलोच नसतो. गोष्ट बदलू नोका. साहेब तिथी इनाम देऊन राह्यले असते, तरी तुमी 'मी'च म्हनलं असतं का?"

मी गप्प बसलो. तू त्या गप्प बसण्याचा अर्थ लावलास आणि तो पुढं वर्षानुवर्षं सांभाळलास. कॉलनीत कोणी "भाऊनं वॉर्मर बनवला म्हने" म्हटलं की तू चहाचा कप जरा जोरात ठेवायचीस. मी प्रत्येक वेळी सांगायचो, हिनं बनवला. त्यावर तू म्हणायचीस, "आता सांगून राह्यले."

आणि नागपूरच्या वॉर्डात, हाताला सलाइन, तू म्हणालीस, "त्या साहेबानं एकदा हात पाहिले अन् ओळखलं, कोनं बनवलं ते. तुमी तं रोज पाहत होते." मग सिस्टर आली.

तर हे माझं उत्तर, वनिता. इनामाचं म्हणशील, तर इनामाच्या वेळी मी तुझंच नाव सांगितलं असतं. तू हे मानणार नाहीस, आणि ते दाखवून देता येईल असा प्रसंग आपल्यावर आलाच नाही. कोणी इनाम दिलंच नाही.

हातांचं म्हणशील, तर मी ते साहेबांच्या आधी पाहिले होते. बस थांबली तेव्हा खिडकीतून बंदुका दिसल्या आणि माझी पहिली नजर तुझ्या बोटांवर गेली. खाली उतरताना मी तुला म्हणालो होतो, हात शालीत घे. तुला वाटलं, थंडीसाठी म्हणतो आहे. तू म्हणालीस, "मले नाई लागत थंडी," आणि हात तसेच बाहेर ठेवून उतरलीस.

पुन्हा त्या नाक्यावर उभं राहावं लागलं, पुन्हा कोणी विचारलं, तर मी पुन्हा 'मी'च म्हणेन. विचार न करता. आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू मला खोटं पाडशील, सगळ्या बंदुकांसमोर, आणि घरी येईपर्यंत बोलणार नाहीस.

चालेल मला.